पॅरिसमधली तक्रार आणि लातूरचा हिशेब

कर्जत-खालापूरकडच्या माणसाला निजामाचं राज्य म्हणजे फार लांबची गोष्ट वाटावी. पण १९४८ साली कर्जतहून घाट चढून पुण्याकडे जाणारी मद्रासची मेल सोलापूर मागे टाकायची, अक्कलकोटच्या पुढे निजामाच्या मुलखात शिरायची आणि तुंगभद्रा ओलांडेपर्यंत त्याच मुलखातून धावायची. मुंबई आणि मद्रास या स्वतंत्र भारताच्या दोन मोठ्या शहरांना जोडणारे हे रूळ मधल्या पट्ट्यात दुसऱ्याच्या हुकमतीखाली होते. २२ मे १९४८ रोजी गुलबर्गा जिल्ह्यातल्या गंगापूर स्थानकावर या मार्गावरच्या मेलवर सशस्त्र हल्ला झाला. प्रवाशांना मारहाण झाली, लूट झाली, माणसं बेपत्ता झाली. हैदराबादचा प्रश्न संस्थानाच्या वेशीच्या आत कोंडून राहणार नाही, हे त्या दिवशी मुंबई इलाख्यातल्या वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला कळलं.

हा प्रश्न त्याच वर्षी थेट पॅरिसला भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे गेला. वर्षभरापूर्वी स्वतंत्र झालेल्या देशाने आपल्या पोटातल्या सशस्त्र जमावाविरुद्ध सैन्य धाडलं आणि जगाने त्याच्याकडे जाब मागितला. पॅरिसमध्ये काय विचारलं गेलं आणि काय विचारायचं राहून गेलं, हे दोन्ही पाहिल्याशिवाय मराठवाड्याचा तो सप्टेंबर नीट समजत नाही.

हैदराबाद हे देशातलं सर्वांत मोठं संस्थान. सोळा जिल्हे, दीड कोटीहून अधिक लोकसंख्या, स्वतःची फौज, स्वतःची रेल्वे, स्वतःचं टपाल आणि स्वतःचं नाणं. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे त्यातच होते. तिथल्या बाजारात हाली शिक्का चाले आणि सीमेपलीकडचा रुपया कलदार म्हणून ओळखला जाई. प्रजेत हिंदूंचं प्रमाण पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास होतं, मोठ्या हुद्द्यांवर मात्र त्यांना फारसा शिरकाव नव्हता. ब्रिटिशांची सत्ता संपणार हे दिसताच सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी जून १९४७ मध्ये फर्मान काढून जाहीर केलं की हैदराबाद कोणत्याही देशात सामील होणार नाही, ते स्वतंत्र राहील. स्टेट काँग्रेसने स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली याविरुद्ध लढा पुकारला. १५ ऑगस्टला देशभर तिरंगा फडकत असताना स्वामीजींना हैदराबादेत तो फडकवल्याबद्दल अटक झाली.

निजामाचा हट्ट ही एक बाजू. पण नुसत्या हट्टाने सीमेवरची गावं जळत नाहीत. ती जाळणारी ताकद मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेच्या पोटातून उभी राहिली. तिचे नेते बहादूर यार जंग १९४४ मध्ये वारले आणि दोन वर्षांत संघटनेची सूत्रं लातूरचा वकील कासीम रझवी याच्या हाती आली. अलीगढला शिकलेला, भाषणाने जमाव पेटवणारा हा माणूस. त्याने रझाकारांची, म्हणजे संघटनेच्या स्वयंसेवकांची, दलं वाढवली, त्यांना खाकी कपडे दिले, हाती भाले, तलवारी आणि बंदुका दिल्या. सरकारी पोलीस कुठे संपतात आणि रझाकार कुठे सुरू होतात, हे खेडेगावातल्या माणसाला कळेनासं झालं. ऑक्टोबर १९४७ मध्ये भारताशी करार करायला दिल्लीला निघालेल्या शिष्टमंडळातल्या सदस्यांच्या घरांना रझवीच्या माणसांनी वेढा घातला. शिष्टमंडळ जाऊ शकलं नाही आणि पंतप्रधान छत्तारीचे नवाब यांनी राजीनामा दिला. राज्य कोण चालवतंय, हे तिथेच उघड झालं होतं.

अखेर २९ नोव्हेंबर १९४७ रोजी वर्षभरासाठी ‘जैसे थे’ करार झाला. त्यानंतर मीर लायक अली पंतप्रधान झाले आणि भारताचे प्रतिनिधी म्हणून कन्हैयालाल मुन्शी हैदराबादेत दाखल झाले. कराराची शाई वाळण्याआधीच त्याला तडे गेले. हैदराबादने भारतीय चलनावर निर्बंध आणले आणि पाकिस्तानला वीस कोटींचं कर्ज दिलं. पुढे सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या वेळी विमानं भरून शस्त्रं आणू लागला आणि बिदर-वरंगळच्या धावपट्ट्यांवर उतरवू लागला.

सीमेवरच्या मराठी गावांत याचा अर्थ काय होता? नांदेड जिल्ह्यातल्या बिलोली भागाचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांचा खून त्याआधीच, ऑक्टोबर १९४६ मध्ये, अर्जापूरजवळ झाला होता. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातल्या गोरटा गावात मोठं हत्याकांड झालं. माणसं गुरंढोरं सोडून बार्शी, सोलापूर, मनमाड, उमरखेडकडे पळाली. दुसऱ्या बाजूने याच सीमेवर स्टेट काँग्रेसच्या कृती समितीची शिबिरं उभी राहिली. दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव, फुलचंद गांधी ही त्या लढ्यातली मोठी नावं. सत्याग्रहात सरकारी उत्पन्न बुडवायला शिंदीची झाडं तोडली जात, पुढे करोडगिरी नाके आणि पोलीस ठाणी यांवर हल्ले होऊ लागले. ३० जानेवारी १९४८ रोजी, गांधीजींचा खून झाला त्याच दिवशी, उमरीची बँक लुटली गेली आणि तो पैसा लढ्याकडे वळला. म्हणजे शस्त्रं दोन्ही बाजूंना होती, हे लपवण्यात अर्थ नाही. फरक असा होता की एका बाजूच्या शस्त्रांना राज्यसत्तेचा आशीर्वाद होता आणि ती निःशस्त्र वस्तीवर चालत होती. रझाकारांविरुद्ध लिहिणारा मुसलमानही त्यातून सुटला नाही. ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत रस्त्यात गाठून मारण्यात आलं. ज्या हाताने लिहिलं, तो हात तोडण्यात आला.

मग दिल्ली इतके दिवस थांबली कशासाठी? कारणं बरीच होती. सैन्य काश्मीरमध्ये गुंतलं होतं. लष्करप्रमुख जनरल रॉय बुचर ब्रिटिश होते आणि त्यांना ही मोहीम धोक्याची वाटत होती. लॉर्ड माउंटबॅटन देश सोडण्याआधी तडजोड घडवून आणायच्या खटपटीत होते. जूनमध्ये त्यांचा शेवटचा मसुदाही निजामाने फेटाळला आणि ते निघून गेले. वल्लभभाई पटेलांचा संयम त्याआधीच संपला होता. पंडित नेहरूंना मात्र आणखी एक काळजी होती, ती जगाची. १ जानेवारी १९४८ रोजी भारताने स्वतःच काश्मीरचा प्रश्न सुरक्षा परिषदेत नेला होता आणि फिर्यादीलाच उलटतपासणी सोसावी लागते, हा अनुभव घेतला होता. त्याच्याही आधी, जुलै १९४७ मध्ये, इंडोनेशियावर डच फौजा चालून गेल्या तेव्हा भारत आणि ऑस्ट्रेलिया यांनीच परिषदेत धाव घेतली होती. हा आमचा अंतर्गत मामला आहे, असं तेव्हा डच म्हणत होते. आता तेच वाक्य भारताला उच्चारावं लागणार होतं.

सरकारने आपली बाजू मांडायला श्वेतपत्रिका काढली. तिच्यात सीमेवरचे हल्ले, गाड्यांवरचे हल्ले, कराराचे भंग यांची जंत्री होती. जुलैमध्ये बार्शीजवळच्या नान्नज इथे भारतीय जवानांवर दबा धरून हल्ला झाला. नान्नज हे चहूकडून भारतीय हद्दीने वेढलेलं निजामाचं गाव होतं, त्यामुळे सोलापूर-बार्शी रस्त्यावरची साधी वाहतूकही सुरक्षित राहिली नव्हती. लंडनमध्ये विन्स्टन चर्चिल मात्र ब्रिटनच्या जुन्या दोस्ताची, निजामाची, बाजू संसदेत उचलून धरत होते.

२१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादने सुरक्षा परिषदेला तार केली. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ३५व्या कलमानुसार सदस्य नसलेलं राज्यही आपला तंटा परिषदेपुढे आणू शकतं. त्याच कलमाचा आधार घेऊन, भारत आम्हाला धमकावतो आहे आणि आमची आर्थिक नाकेबंदी करतो आहे, अशी ही तक्रार होती. नवाब मोईन नवाज जंग यांच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ परदेशी रवाना झालं. त्या वर्षी परिषदेच्या बैठका पॅरिसला पॅले द शायो या वास्तूत भरणार होत्या. आपली दाद तिथे लागेपर्यंत भारत हात उचलणार नाही, असा हैदराबादच्या धुरीणांचा होरा होता.

तो चुकला. ११ सप्टेंबरला कराचीत महंमद अली जीना वारले. १३ तारखेला पहाटे भारतीय फौजा सोलापूरहून निघाल्या.

मोहिमेचं नाव ऑपरेशन पोलो. सरकारने तिला पोलीस कारवाई म्हटलं आणि मराठवाड्यातली जुनी माणसं अजूनही काळ मोजताना ‘पोलीस ॲक्शनच्या आधी’ आणि ‘ॲक्शननंतर’ असंच बोलतात. पुण्याच्या दक्षिण कमानचे प्रमुख राजेंद्रसिंहजी यांच्याकडे एकंदर सूत्रं होती आणि सोलापूरकडून मुख्य चढाई मेजर जनरल जयंतनाथ चौधरी करत होते. पहिला मोठा अडथळा नळदुर्ग. किल्ल्याला वळसा घालून बोरी नदी वाहते आणि हैदराबादचा रस्ता तिच्या पुलावरून जातो. पूल उडाला असता तर भर पावसाळ्यात रणगाडे अलीकडच्या काठावर अडकले असते. पूल उडवायची तयारीही होती. निजामाच्या नोकरीतला मूर नावाचा ब्रिटिश अधिकारी जीपमधून सुरुंगाची दारू घेऊन त्याच भागात सापडला. पण पहाटेच्या अंधारात शीख पलटण नळदुर्गावर पोहोचली आणि पूल शाबूत हाती आला. तुळजापूरजवळ रझाकारांनी काही वेळ तोंड दिलं. पुण्याहून उडालेली टेम्पेस्ट विमानं वाट मोकळी करत होती. त्याच दिवशी उमरगा पडलं आणि दुसऱ्या दिवशी वायव्येकडून आलेल्या तुकड्यांपुढे औरंगाबाद शरण आलं. मग जालना, लातूर आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचं अंबाजोगाई. १७ तारखेला बिदर आणि हिंगोलीत सैन्य शिरलं आणि त्याच संध्याकाळी निजामाने लढाई थांबवल्याचं जाहीर केलं. १८ सप्टेंबरला हैदराबादचे सेनापती एल एद्रूस यांनी चौधरींपुढे शरणागती पत्करली. रझवीला दुसऱ्या दिवशी अटक झाली आणि स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगातून बाहेर आले.

पॅरिसचं काम याच पाच दिवसांच्या मध्यावर सुरू झालं होतं. १६ सप्टेंबर, गुरुवार. झहिराबादच्या पुढे भारतीय फौजा वाट काढत असताना पॅले द शायोमध्ये सुरक्षा परिषदेचे अकरा सदस्य बसले होते. अध्यक्षस्थानी ब्रिटनचे सर अलेक्झांडर कॅडोगन. पहिला सवाल एवढाच होता की हा विषय कामकाजात घ्यायचा की नाही. चीनच्या प्रतिनिधींनी थोडं थांबू या असं सुचवलं. मतदान झालं तेव्हा आठ देशांनी विषय घ्यावा असं म्हटलं, विरोधात कुणीच गेलं नाही. चीन, सोव्हिएत संघ आणि युक्रेन तटस्थ राहिले. विषय घेतला म्हणजे परिषदेला त्यावर अधिकार आहे असं मानलं जाणार नाही, हेही अध्यक्षांनी स्पष्ट केलं.

मग मोईन नवाज जंग बोलले. देश आक्रमणाखाली आहे, तातडीने हस्तक्षेप करा, ही त्यांची मागणी. भारतातर्फे सर रामस्वामी मुदलियार उभे राहिले. त्यांचा मुद्दा कायद्याचा होता. हैदराबाद हे कधीच स्वतंत्र राज्य नव्हतं, ब्रिटिशांच्या काळातही नव्हतं, त्यामुळे त्याला परिषदेपुढे येण्याचा हक्कच नाही. शिवाय आमच्या सीमांवर अराजक माजलं होतं आणि ते निस्तरणं आमचं कर्तव्य होतं. पुढच्या बैठकीत अर्जेंटिनाचे होसे आर्से हैदराबादच्या बाजूने ठामपणे बोलले. पण २० सप्टेंबरला परिषद पुन्हा जमली तोवर ज्या सरकारने तक्रार केली होती ते सरकारच उरलं नव्हतं. काही दिवसांतच निजामाने तार पाठवून तक्रार मागे घेतली आणि आकाशवाणीवरून सांगितलं की रझवीच्या टोळीने हिटलरी पद्धतीने राज्य बळकावलं होतं. ही तार निजामाने मोकळ्या मनाने केली की चौधरींच्या फौजेच्या छायेत, असा सवाल परिषदेत उठला आणि तो गैर नव्हता. मे १९४९ मध्ये पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान यांनी हा विषय पुन्हा लावून धरला. ठराव मात्र कधीच झाला नाही.

मला या चर्चेत एक गोष्ट सारखी खुपते. परिषदेने विचारलं ते कायद्याबद्दल. हैदराबाद राज्य होतं की नव्हतं? तक्रार मागे घ्यायचा अधिकार कुणाचा? आधीच्या वर्षभरात रझाकारांनी किती गावं उजाड केली, हे कुणी खोलात जाऊन विचारलं नाही. आणि लढाई थांबल्यावर त्याच गावांत काय चाललं आहे, हेही विचारलं नाही. खरं तर विचारण्यासारखं सगळं तेव्हाच घडत होतं.

भारताचं सैन्य तिथे जाणं न्याय्य होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शोएबुल्ला खानांचा खून पचवणाऱ्या, गोरट्यासारखी गावं रझाकारांच्या हवाली करणाऱ्या सत्तेला हटवायला दुसरी वाट उरली नव्हती. पण न्याय्य कारवाईचाही हिशेब द्यावा लागतो, आणि तो पॅरिसला देण्याआधी लातूरला आणि उस्मानाबादला द्यावा लागतो. रझाकार पळाले किंवा पकडले गेले, तेव्हा त्यांचा सूड त्यांच्याच धर्माच्या निरपराध माणसांवर उगवला गेला. ज्यांनी कधी खाकी कपडा अंगावर चढवला नव्हता असे विणकर, शेतकरी, दुकानदार, त्यांच्या बायका आणि मुलं मारली गेली.

या बातम्या दिल्लीला पोहोचल्या तेव्हा नेहरूंच्या पुढाकाराने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांची समिती पाठवण्यात आली. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ती सोळापैकी नऊ जिल्ह्यांत फिरली. एकवीस शहरं-कसबे, तेवीस मोठी गावं तिने पाहिली आणि जिथे जाता आलं नाही अशा १०९ गावांतल्या पाचशेहून अधिक माणसांशी ती बोलली. निष्कर्ष जबर होता. कारवाईच्या काळात आणि त्यानंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मेली असावीत. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना बसली, एकट्या त्या चारांत अठरा हजारांच्या आसपास. लातूर रझवीचं गाव, म्हणून तिथे वीसहून अधिक दिवस कत्तल चालू राहिली. तिथल्या सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी समितीला जेमतेम तीन हजार सापडले. कित्येक मारले गेले होते, बाकीचे पळून गेले होते. काही ठिकाणी लष्कर आणि पोलिसांतली माणसंच लुटीत सामील होती, हे समितीने लिहिलं. आणि जनरल चौधरींच्या निःपक्षपातीपणाबद्दल चांगलंही लिहिलं.

योगायोग असा की समिती या जिल्ह्यांत फिरत असताना, १० डिसेंबरला, त्याच पॅले द शायोमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. भारतानेही त्याच्या बाजूने मत दिलं.

अहवाल दिल्लीला गेला आणि पटेलांना तो अजिबात रुचला नाही. रझाकारांनी आधी काय केलं, याचा तोल त्यात नाही, असा त्यांचा आक्षेप होता. तो आक्षेप अहवाल छापून, त्याच्या शेजारी मांडता आला असता. तसं झालं नाही. अहवाल सरकारी दप्तरात गेला आणि दिल्लीतल्या नेहरू स्मारक ग्रंथालयात सर्वसामान्य वाचकाला तो पाहायला मिळाला २०१३ च्या सुमाराला. एका लोकशाही सरकारने स्वतःच नेमलेली, आपल्याच नागरिकांकडून माहिती घेतलेली, जगातल्या कुठल्याही परिषदेपेक्षा जास्त खोलवर गेलेली तपासणी पासष्ट वर्षं कुलपात राहिली. बाहेरच्यांनी आमच्या घरात डोकावू नये, असं म्हणणाऱ्या सरकारने घरातल्या माणसांपासूनही ते दडवायला नको होतं.

पुढच्या घटना ठाऊक आहेत त्या भरभर सांगता येतील. निजाम १९५० ते १९५६ राजप्रमुख राहिले. मीर लायक अली १९५० मध्ये नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात गेले. रझवीवर खटला चालला, शिक्षा झाली, १९५७ मध्ये पाकिस्तानात निघून जाण्याच्या अटीवर तो सुटला आणि १९७० मध्ये कराचीत मेला. तेलंगणात कम्युनिस्टांच्या सशस्त्र लढ्याविरुद्ध सैन्य आणखी काही वर्षं तिथेच राहिलं. १९५६ मध्ये राज्याची भाषावार फाळणी झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. पॅरिसला तक्रार घेऊन गेलेल्या मोईन नवाज जंग यांनी शरणागतीच्या दोनच दिवसांनी, २० सप्टेंबर १९४८ रोजी, लंडनच्या बँकेतले निजामाचे दहा लाख सात हजार नऊशे चाळीस पौंड पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावावर वळते केले होते. तो वाद इंग्लंडच्या न्यायालयात इतका लांबला की निकाल ऑक्टोबर २०१९ मध्ये लागला. तोवर ती रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती. निकाल पाकिस्तानच्या विरोधात, निजामाचे वारस आणि भारत सरकार यांच्या बाजूने लागला.

सुंदरलाल समितीच्या अहवालातली एक नोंद मात्र मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात नळदुर्गच्या पुलाइतक्याच ठळकपणे यायला हवी. एकाच धंद्यातल्या माणसांनी एकमेकांना कसं सांभाळलं, ते समितीने मुद्दाम लिहून ठेवलं आहे. हिंदू विणकरांनी बाहेरून आलेल्या जमावापासून मुसलमान विणकरांना वाचवलं आणि त्याची जबर किंमतही मोजली. सैन्याचं संरक्षण जिथे वेळेवर पोहोचलं नाही, तिथे आपल्या गावातल्या माणसांना गावातल्याच माणसांनी वाचवलं होतं.